पन्नाशीतला नवशिका सायकलपटू

मागील आठवड्यात या स्तंभात आपण गुडघ्यांच्या झिजेविषयी माहिती घेतली. लेखाच्या ओघात मी लिहून गेलो की सायकलीवर शरीराचा भार सीटवर पडत असल्याने ती बहुतेक गुडघ्यांना सोसते, मी स्वतः दीड वर्षापासून सायकल चालवतो आणि गेल्या जानेवारीत एका शर्यतीतही उतरलो होतो. झाले! आठवडाभरात गुडघ्यांविषयी दोघांनी विचारले आणि शर्यतीविषयी वीस जणांनी. एक जुने परिचित गृहस्थ रक्तदाब तपासून घेताना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या वयात हे कायले? पेट्रोल महाग झालं म्हणून काय जी?" म्हणून गुडघ्यांचा उरलेला भाग पुढे ढकलून आज सायकलीविषयीच लिहितो.

कितवा आलो, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचे आहे. जिल्ह्यातल्या काही हौशी मंडळींनी ठेवलेली ती चाळीस किलोमीटरची शर्यत होती, सपाट रस्त्यावरची. एकतीस जण सुटले. मी सत्ताविसावा आलो. पन्नाशीवरील गटात आम्ही चौघे होतो आणि त्यात मी तिसरा. घरी येऊन कांस्यपदक मिळाल्याचे सांगितले. चौथ्या गृहस्थांची चेन अर्ध्या वाटेत तुटली होती, हे मात्र आमच्या सौ.ना दुसऱ्या कोणाकडून तरी कळले. माझ्यापुढे वीस मिनिटे पोचलेली मुले तोवर केळी खाऊन, कपडे बदलून गप्पा मारत बसली होती. मी दिसताच ती सगळी उठून रस्त्याच्या कडेला आली आणि ओरडू लागली. दवाखान्यात तीस वर्षे खुर्चीवर बसून लोकांनी मान दिला, पण आपल्यासाठी कोणी असे ओरडले होते ते बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनात. त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. पाय दुखत होते हे एक कारण, आणि आनंद हे दुसरे.

हा आनंद पहिल्या नंबराचा नाही, नवशिक्याचा आहे. वैद्यकीयदृष्ट्याही तो खरा आहे, ते पुढे सांगतो. पण त्याआधी मी सायकलीकडे का वळलो ते सांगायला हवे, कारण ते काही हौसेपोटी झाले नाही.

माझे वडील वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला बावन्नावे लागले तेव्हा माझे वजन ८१ किलो होते, पोटाचा घेर शंभर सेंटीमीटरच्या पुढे होता, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ६.२ टक्के आली. ५.७ ते ६.४ या टप्प्याला आपण मधुमेहपूर्व अवस्था म्हणतो. मी रोज पंधरा जणांना "चालायला जा" असे सांगत होतो आणि स्वतः दवाखान्यापासून घरापर्यंतचे सातशे मीटर स्कूटरवर जात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम हवा. माझी बेरीज शून्य होती.

चालून पाहिले. प्रामाणिकपणे सांगतो, मला कंटाळा आला. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण आपले रिपोर्ट सांगू लागे. मग मुलाची गिअरची सायकल दोन वर्षांपासून जिन्याखाली धूळ खात होती, ती काढली, दुकानातून दोन्ही ट्यूब बदलून आणल्या आणि पहाटे साडेपाचला कोणी पाहणार नाही अशा बेताने निघालो. सायकल विसरता येत नाही म्हणतात ते खरे आहे. आमच्या पिढीने दांडीखालून पाय घालून कैची शिकलेली. ती अंगातून जात नाही. मात्र दम विसरतो. वज्झरच्या रस्त्याला लागून चार किलोमीटर झाले नाहीत तोच मी उतरून उभा राहिलो. नाडी मोजली, १५८ होती. एक दूधवाला साध्या सायकलीवर दोन कॅन लटकवून माझ्या बाजूने शिट्टी वाजवत गेला.

नवशिक्याच्या शरीरात काय घडते

दम लागणे म्हणजे फुप्फुसे कमजोर आहेत असे बहुतेकांना वाटते. निरोगी माणसात फुप्फुसे सहसा कमी पडत नाहीत. कमी पडते ते हृदयाचे एका ठोक्यात रक्त फेकण्याचे सामर्थ्य, आणि स्नायूंची त्या रक्तातला प्राणवायू उचलण्याची क्षमता. बैठ्या माणसात या दोन्ही गोष्टी खालावलेल्या असतात; पण न वापरल्यामुळे खालावलेल्या असल्याने त्या सुधारतातही झपाट्याने.

नियमित व्यायामाच्या पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. हृदयात अधिक रक्त भरते, एका ठोक्यात अधिक बाहेर पडते आणि तेवढ्याच कामासाठी ठोके कमी लागतात. सहा ते आठ आठवड्यांत स्नायूंच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे इंधन जाळून शक्ती निर्माण करणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या, संख्येने व आकाराने वाढतात, आणि स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होऊ लागते. साखरेच्या बाबतीत तर अधिकच लवकर फरक पडतो. चालू असलेला स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढतो, आणि एका चांगल्या फेरीनंतर साधारण एक ते दोन दिवस शरीरातले इन्सुलिन अधिक प्रभावी ठरते. म्हणूनच लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असे आम्ही मधुमेहींना सांगतो.

आता गंमत अशी की हा झपाटा फक्त नवशिक्याच्या वाट्याला येतो. वर्षानुवर्षे सराव करणारा सायकलपटू आपली वेळ मिनिटाने कमी व्हावी म्हणून महिनोन्‌महिने घाम गाळतो. नवशिक्या माणसाला तेच दर आठवड्याला फुकट मिळते. पहिल्या महिन्यात वज्झरपर्यंत न थांबता गेलो, दुसऱ्या महिन्यात मुक्तागिरीच्या पायथ्यापर्यंत, तिसऱ्यात बहिरमला जाऊन परत. विश्रांतीच्या वेळची माझी नाडी ८२ होती, ती वर्षभरात ६४ वर आली. पन्नाशीनंतर आपल्याला कशाचाच आकडा चांगल्या दिशेने जाताना दिसत नाही; डोळ्यांचा नंबर वाढतो, केस कमी होतात. तेव्हा एखादी गोष्ट आठवड्यागणिक सुधारताना पाहणे याचे मनाला जे बळ मिळते ते मी कोणत्याही टॉनिकच्या बाटलीत पाहिलेले नाही.

"आमचं आता काय सुधारणार" असे म्हणणाऱ्यांसाठी फ्रान्समधील रोबेर मार्शां यांचे उदाहरण देतो. १९११ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी २०१२ मध्ये, शंभरी गाठल्यावर, सायकलीच्या धावपट्टीवर एका तासात २४ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले. त्यानंतर शास्त्रज्ञांनी त्यांना बेतशीर सराव दिला. २०१४ मध्ये त्याच एका तासात ते २६.९२७ किलोमीटर गेले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताही मोजण्यात आली. ती दोन वर्षांत सुमारे तेरा टक्क्यांनी वाढली होती. १०९ वर्षांचे होऊन ते २०२१ मध्ये वारले. सर्वांनाच असे आयुष्य लाभते असा याचा अर्थ नव्हे. पण वयाची शंभरी उलटल्यावरही हृदय आणि स्नायू सराव ओळखतात, एवढे यातून दिसते.

नुसती सायकल पुरे, शर्यत कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता. आरोग्यासाठी शर्यतीची मुळीच गरज नाही. ज्याला रोज संथ तासभर सायकल चालवून समाधान आहे त्याने ते तसेच चालू ठेवावे. पण माझ्यासारखी बरीच माणसे अशी असतात की ज्यांना तारीख ठरल्याशिवाय काही होत नाही. जानेवारीचा रविवार कॅलेंडरवर लाल शाईने गोल केला आणि नोव्हेंबरातल्या थंडीत पहाटे रजई बाजूला सारणे सोपे झाले.

आपल्या महाराष्ट्राला सायकल शर्यत काही नवीन नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यत १९४५ साली सुरू झाली. मध्ये खंड पडले, पण बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला मिळणारा "घाटाचा राजा" हा किताब आमच्या लहानपणी वर्तमानपत्रात वाचलेला अनेकांना आठवत असेल. तेव्हा आमच्याकडे गावच्या मैदानात सात-सात दिवस न उतरता सायकल फिरवणारे कलावंत यायचे. सायकलीवरच दाढी, सायकलीवरच जेवण. आम्ही शाळा बुडवून पाहायला जात असू. आज डॉक्टर म्हणून विचार करतो तेव्हा त्यांच्या झोपेचे काय होत असेल या कल्पनेने अंगावर काटा येतो.

अलीकडच्या काळात तर आमच्याच व्यवसायातल्या मंडळींनी थक्क करून सोडले आहे. 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जगातल्या अत्यंत खडतर शर्यतींपैकी समजली जाते. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. पुढच्या वर्षी डॉ. समर्थ रशियातील नऊ हजार किलोमीटरहून लांब टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीतही उतरले आणि ती त्यांनी पूर्ण केली. मी त्यांची नावे घेतो म्हणून माझी तुलना कोणी त्यांच्याशी करू नये. माझे चाळीस किलोमीटर त्यांच्या दीडदोन तासांच्या प्रवासाएवढे. सांगायचे इतकेच की वेळ मिळत नाही ही सबब निदान डॉक्टरांनी तरी सांगू नये.

ज्यांना एकमेकांशी चढाओढ नको आहे त्यांच्यासाठी ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. हाही मूळचा फ्रान्सचा, आता विदर्भातही होतो. यात नंबर नसतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत अशी मुदत असते. मुदतीत आलेले सगळे सारखेच.

शंकरपटाचा धडा

सुरुवातीला मी एक ढोबळ चूक केली. रोजच शर्यत असल्यासारखा जीव तोडून सायकल हाणत असे. दोन महिन्यांत गुडघ्याच्या वाटीभोवती दुखू लागले, चिडचिड वाढली, झोप बिघडली. माझ्या औषधोपचाराला माझाच गुण येईना. मग एका शेतकरी रुग्णाने, ज्यांच्या घरी दोन पिढ्या पटाचे बैल आहेत, बोलता बोलता सांगितले, "डॉक्टरसाहेब, पटाची जोडी आम्ही रोज पळवत नाही जी. रोज फिरवतो. पळवतो आठवड्यातून एखाद्या दिशी." तळेगाव दशासरच्या शंकरपटाला गर्दी करणाऱ्या आपल्या लोकांना जे बैलाच्या बाबतीत समजते ते स्वतःच्या शरीराच्या बाबतीत आपण विसरतो.

क्रीडावैद्यक नेमके हेच सांगते. आठवड्यातली बहुतेक सायकल इतक्या संथ गतीने चालवावी की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. फक्त एखाद्या दिवशी, आणि तेही चांगले अंग गरम झाल्यावर, तीनचार मिनिटांचे जोरदार टप्पे घ्यावेत. अंतर दर आठवड्याला थोडेथोडे, साधारण दहा टक्क्यांनी वाढवावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. स्नायू बळकट होतात ते सायकल चालवताना नव्हे, त्यानंतरच्या झोपेत.

दुसरा गुरू मला एकोणीस वर्षांचा मिळाला. कॉलेजात शिकणारा हा मुलगा पंक्चर काढण्यापासून सगळे जाणतो. त्याने मला रस्त्यावरच थांबवून सांगितले, "काका, एवढा जड गिअर कायले लावता? हलका लावा अन् पाय लवकर फिरवा." तोवर मी मिनिटाला जेमतेम पन्नास फेरे मारत होतो. जड गिअरमध्ये प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याच्या वाटीवर दाब फार येतो. ऐंशीच्या आसपास फेरे ठेवल्यावर माझे दुखणे तीन आठवड्यांत गेले. त्यानेच दुसऱ्याच्या मागे राहून सायकल चालवायला शिकवले. सपाट रस्त्यावर वेगात जाताना आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते, आणि वेग दुप्पट झाला तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते. पुढच्याच्या मागे सांभाळून राहिले तर पाव ते एकतृतीयांश श्रम वाचतात. मात्र यात चाकाला चाक लागून पडण्याचा धोका असतो. नवख्याने आधी हातभर अंतर ठेवून, ओळखीच्या माणसामागेच सराव करावा.

तीस वर्षे मी लोकांना "असे करा, तसे करू नका" सांगत आलो. कोणाकडून शिकायचे, चुकायचे, पुन्हा विचारायचे, याची सवयच गेली होती. एका नातवाच्या वयाच्या मुलाने गिअरवरून मला बोलावे आणि मी "बरं बाबा" म्हणावे, यात मला कमीपणा वाटला नाही. उलट खांद्यावरचे काही तरी उतरल्यासारखे झाले. याचा उपयोग दवाखान्यातही झाला. पूर्वी महिनाभर चालायला न गेलेला रुग्ण आला की मी रागावत असे. आता विचारतो, नेमका कोणत्या दिवशी खंड पडला? पाऊस होता का? मलाही पाऊस होता.

भुकेने घेतलेली परीक्षा

मागच्या डिसेंबरात बहिरमच्या यात्रेच्या दिवसांत मी नुसता चहा घेऊन निघालो आणि उत्साहाच्या भरात सीमेपलीकडे पुष्कळ पुढे गेलो. परतताना एकाएकी पायांतले बळ गेले, हाताला कंप सुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. एका संत्र्याच्या बगिच्याच्या धुऱ्यावर मी बसकण मारली. तोडणी चालू होती. तिथल्या बाईंनी काही न विचारता चार संत्री आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. पंधरा मिनिटांत मी पुन्हा माणसात आलो.

हा झटका हृदयाचा नव्हता, रिकाम्या कोठाराचा होता. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारपाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते. जोरात सायकल चालवली तर ती दीडदोन तासांत संपत येते, आणि रात्रभराच्या उपवासानंतर यकृतातला साठा आधीच कमी झालेला असतो. म्हणून तासाभराच्या फेरीला काही नसले तरी चालेल, पण त्याहून लांब जायचे तर निघण्यापूर्वी पोळी-गूळ किंवा थोडे पोहे, आणि वाटेत दर तासाला एकदोन केळी किंवा चिक्की असा बेत ठेवावा. महागड्या पुड्यांची आवश्यकता नाही.

पाण्याचे तंत्रही सांभाळावे. थंडीत तासाला अर्धा लिटर पुरते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पहाटेच निघून साडेसातच्या आत घरी यावे. खूप घाम गेला असेल तर नुसते साधे पाणी ढोसत राहू नये, रक्तातले मीठ पातळ होऊन गुंगी येऊ शकते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळून, हे घरगुती पेय उत्तम. रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच मीठ घ्यावे.

मधुमेहाच्या रुग्णांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर सायकलीवर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि कधी कधी त्याच रात्री झोपेतही. निघण्यापूर्वी साखर तपासा. शंभरच्या खाली असेल तर आधी काही खा. २५०च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल तर त्या दिवशी जोराचा व्यायाम नको. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी, आणि नाव, आजार व घरचा फोन लिहिलेला कागद ठेवा. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असणाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञांची परवानगी घ्यावी.

आधी तपासणी

माझ्या वडिलांचा उल्लेख मी उगाच केला नाही. संथ सायकल चालवणे आणि शर्यतीत हृदयाला त्याच्या मर्यादेपर्यंत नेणे यांत फार अंतर आहे. पंचेचाळिशीपुढील पुरुष, पंचावन्नपुढील स्त्रिया, तसेच रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे व्यसन किंवा घरात कमी वयात हृदयविकार असलेला कोणीही, यांनी शर्यतीचा सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी, कार्डिओग्राम आणि ते सांगतील तर चालत्या पट्ट्यावरची टीएमटी तपासणी करून घ्यावी. मी अमरावतीला जाऊन करून घेतली. ती चांगली आली म्हणून मी निर्धास्त झालो असे नाही. ती चांगली येऊनही पुढे झटका आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, धडधड, भोवळ, यांपैकी काहीही झाले की त्याच जागी उतरायचे. शर्यत पुढच्या वर्षीही असते. ताप असताना, किंवा डेंग्यू-चिकुनगुन्यातून नुकते उठल्यावर जोर करू नये. विषाणूची हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी वाढतच नाही, तिच्या आकड्यावर विसंबू नये.

शर्यतीच्या सकाळी आमच्यातले दोघे सुटण्याच्या रेषेपाशी खर्रा घोटत होते. तंबाखूने नाडी वाढते आणि रक्तवाहिन्या आकसतात. त्या क्षणी त्याहून वाईट वस्तू तोंडात टाकता आली नसती. मी बोललो. एकाने थुंकला, दुसऱ्याने "सुटल्यावर थुंकतो" म्हटले.

आमच्या गटात एक शिक्षिका आहेत. त्यांना चढावर फार दम लागे आणि सगळे त्यांना सराव वाढवा म्हणत. हिमोग्लोबिन तपासले तर साडेआठ निघाले. प्राणवायू वाहून नेणाराच अर्धपोटी असेल तर सराव काय करणार? कारण शोधून, लोहाच्या गोळ्या घेऊन चार महिन्यांत त्या आता माझ्या पुढे असतात. आपल्या भगिनींनी सायकल घेण्याआधी ही पन्नास-शंभर रुपयांची तपासणी जरूर करावी.

सीटची उंची प्रत्येकाने स्वतः तपासावी. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट बुटकी असेल तर गुडघा पुढून दुखतो, उंच असेल तर मागून. करंगळी व शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर तळहातातली नस दबते आहे. हातांची पकड बदलत राहावी. बैठकीचा भाग बधिर होत असेल तर सीटचे टोक किंचित खाली करावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहावे. हेल्मेट न घालता सायकल शर्यतीत उतरणाऱ्याशी मी चर्चा करत नाही.

दीड वर्षाचा हिशेब असा: वजन ७५ किलो, एचबीए१सी ५.७, रक्तदाब नियंत्रणात. कोलेस्टेरॉल मात्र सायकलीला बधले नाही. त्याची गोळी चालू आहे आणि चालू राहील. औषधे बंद करण्यासाठी सायकल घेतो म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि चिखलदरा. तीसेक किलोमीटरचा रस्ता, धामणगाव गढी सोडली की चढ, एकूण चढण सातशे मीटरहून अधिक. पहिल्यांदा गेलो तेव्हा चार वेळा उतरून सायकल ढकलली आणि तीन तास चाळीस मिनिटे लागली. गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच एकदाही पाय न टेकता मोथ्यापर्यंत आलो. वरचा गार वारा लागला तेव्हा लक्षात आले की घाटभर मी घड्याळ पाहिलेच नव्हते. वर कॉफी घेतली. उतरताना दोन्ही ब्रेक सारखे दाबून न धरता थांबून थांबून दाबावेत, नाहीतर रिम तापतात. आणि अंधार असेपर्यंत घाटात शिरू नये, अस्वले रस्त्यावर असतात.

येत्या रविवारी आमच्या गटाची याच घाटात आपसातली शर्यत आहे. त्या दिवशी दवाखाना बंद राहील. तातडीच्या रुग्णांनी अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. सोमवारी मी नेहमीप्रमाणे दहाला हजर असेन, थोडा लंगडत असेन.